काटकसरी लिव्हर

"उठलं! ढमढेरे, इकडे ये, बघ, उठलं!"

आगटे सर एवढ्या जोरात ओरडले की मला वाटलं, मशीनमध्ये झोपलेली बाईच उठून बसली. हातातला पोळीचा घास तसाच डब्यात टाकून मी कन्सोलपाशी धावले. स्क्रीनवर एक टोक उभं होतं. सरळ, बारीक, उंच. भोवती नुसतं गवत आणि मधोमध सुपारीचं झाड असावं ना, तसं. आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीत हनुवटीखाली हात घेऊन कोण बसली होती? यामिनी शेडगे.

"किती छान आलंय ना गं, अनू?" ती म्हणाली.

"मस्तच," मी म्हणाले आणि हसले. अरे, काय सांगू, त्या हसण्यानं माझा जबडा दुखला.

थांबा, हे टोक म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर मी एवढी का जळले ते तुम्हाला कळणारच नाही. तर बघा, आपलं लिव्हर साखर साठवून ठेवतं, तिला ग्लायकोजेन म्हणतात. जेवलात की गोदाम भरतं, उपाशी राहिलात की हळूहळू रिकामं होतं. आता हे गोदाम किती भरलंय ते बघायचं तर पूर्वी पोटात सुई खुपसून लिव्हरचा तुकडा काढावा लागायचा. आमच्याकडे सुई नाही, काही नाही. तुमचे गुडघे-बिडघे ज्या एमआरआय मशीनमध्ये बघतात ना, त्याच मशीनमध्ये माणूस आडवा करायचा, उजव्या बरगड्यांवर ताटाएवढी कॉइल बांधायची, आणि फोटो न काढता लिव्हरमधले रेणू काय गुणगुणतायत ते ऐकायचं. त्याला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. जे ऐकू येतं त्याचा आलेख येतो, तो स्पेक्ट्रम, आणि त्यात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. चरबीची टोकं डोंगराएवढी. ग्लायकोजेनचं बिचारं त्या डोंगरांमधल्या मोकळ्या मैदानात, एवढंसं. दिसलं तर दिसलं.

मी स्कॅन करायचे त्या जिमच्या पोरांचं जेमतेम दिसायचं. सर चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "ढमढेरे, हे ग्लायकोजेन आहे की तुझी इच्छा आहे?"

आणि यामिनीच्या या बाईचं? सुपारीचं झाड.

बरं, भांडण नुसत्या टोकाचं नव्हतं. हॉलंडमध्ये एक लॅब होती, त्यांच्याकडे सात टेस्लाचं मशीन, आमच्या मशीनच्या दुपटीहून ताकदवान. त्या लॅबच्या मार्गरीट बाई आमच्यातल्या एकीला सहा महिने शिकायला घेणार होत्या. एकीलाच. सरांनी सांगून टाकलं होतं, वार्षिक आढाव्याला बाई व्हिडिओवर असतील, दोघींनी आपापलं काम मांडायचं, बाई निवडतील. त्या जागेसाठी मी काय नाही केलं! ती कॉइल कोणी हातात धरायला तयार नव्हतं, तेव्हापासून मी तिच्या तारा सोल्डर करत बसले होते, बोटं भाजून घेत. यामिनी माझ्यानंतर वर्षभरानं आली. कराडहून. आली आणि सगळ्यांची झाली. गेटवरचा वॉचमन तिला 'ताई' म्हणायचा आणि मला 'मॅडम'. सर तिला 'यामिनी' म्हणायचे आणि मला 'ढमढेरे'. आता तुम्हीच सांगा.

काम सरांनी वाटून दिलं होतं. उपाशी माणसाच्या लिव्हरमध्ये साठा किती उरतो, ते मोजायचं. पुरुष माझे, बायका तिच्या. सकाळी मशीन पेशंटांचं, आम्हाला मिळायचं दुपारी. म्हणजे आमच्या माणसांनी आदल्या रात्री जेवायचं आणि मग थेट दुपारपर्यंत फक्त पाणी. मी जिममधली पोरं पकडली होती. फोनवर सरळ दम द्यायचे, "पाण्याशिवाय तोंडात काही गेलं तर गेटवरून परत पाठवीन." यायची बिचारी, चेहरे उतरलेले, मशीनमध्ये घोरायची, आणि बाहेर आली की पहिला प्रश्न, "मॅडम, इथे अंडी कुठे मिळतील?"

यामिनीच्या बायका म्हणजे ती कोथरूडला ज्या सोसायटीत पेइंग गेस्ट होती तिथलं अख्खं भजनी मंडळ. गजरे माळून यायच्या! आता, मशीनपाशी धातू चालत नाही, मंगळसूत्र काढावं लागतं. पहिल्याच दिवशी त्यांच्यातल्या चौबळ काकू दारात अडून बसल्या.

"हे नाही हं मी काढणार. लग्नापासून नाही काढलं."

मी नियम सांगतेय, पाटी दाखवतेय, काकू ढिम्म. तेवढ्यात यामिनी आतून आली, हातात पिवळा दोरा, त्यात हळकुंड बांधलेलं. "काकू, आधी हे घाला गळ्यात, मग ते काढा. गळा मोकळा नको राहायला."

झालं! काकूंचे डोळे भरून आले. मशीनपाशी पोचेपर्यंत त्यांनी यामिनीला स्वतःचा भाचासुद्धा सुचवून टाकला. इंजिनिअर. मला का नाही सुचलं हळकुंड? मी काय परदेशातून आले होते?

तर ते झाड उठलं आणि सर हवेत. कारण एकीचंच नाही, बऱ्याच जणींचं तसंच येत गेलं. रात्रीपासून पोटात काही नाही आणि लिव्हरचं गोदाम भरलेलं! आम्ही आधी बोटातून थेंब काढून रक्तातली साखर बघायचो, तीही अगदी नॉर्मल. काही बायकांचं टोक मात्र माझ्या पोरांसारखं बुटकं. सरांनी लॅबमध्ये येरझारा घालून घालून फरशी झिजवली आणि मग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'काटकसरी लिव्हर'.

"या बायका दर आठवड्याला उपास करतात," सर म्हणाले. "वर्षानुवर्षं. त्यांच्या लिव्हरला सवय झालीय. साठा पुरवून वापरायला शिकलंय ते. ज्यांचं बुटकं आहे त्यांचं शिक्षण अजून चालू असेल."

"म्हणजे लिव्हरचीही शाळा, सर?" यामिनी म्हणाली.

"शाळा! करेक्ट! शाळाच!" सर टाळ्या वाजवत होते.

हेच मी म्हटलं असतं ना, तर म्हणाले असते, ढमढेरे, चेष्टा नको.

घरी येऊन मी आईपुढे सगळं ओकले. आई भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तू का नाही बायका घेतल्यास?" आई आहे की कोण!

मग एका मंगळवारी यामिनीला ताप आला. फोन केला तिनं, आवाज पार बसलेला. "अनू, चौबळ काकू येणारेत गं आज, परत एकदा स्कॅन करायचाय त्यांचा. तू करशील? आणि त्यांना काकूच म्हण हं, पेशंट म्हणू नकोस."

म्हणजे आता हीच मला शिकवणार.

काकू आल्या. मला बघून म्हणाल्या, "तू होय." एवढंच. हळकुंडाचा दोरा मी बांधला तर गाठ सैल बसली, त्यांनी उसासा टाकून स्वतः बांधली. आत सरकवलं त्यांना, मी बाहेर कन्सोलवर बसले, इंटरकॉमचं बटण दाबलं.

"काकू, बऱ्या आहात ना?"

"हो गं. जरा करपट ढेकर येतायत."

"पित्त असेल. उपाशी पोटी होतं."

"उपाशी कुठली? खिचडीत कूट जास्त पडलं आज. सुनेनं केली ना."

माझं बोट बटणावरच राहिलं. समोर स्क्रीनवर टोक हळूहळू वर चढत होतं.

"काकू, खिचडी? आज?"

"साबुदाण्याची गं! उपासाची! तुम्हीच तर सांगता उपास करून या. म्हणून मी मंगळवार घेतला, नाहीतरी माझा असतोच. खिचडी खाल्ली, मग रताळ्याचा कीस, आणि निघताना ह्यांनी हातात केळं दिलं ते रिक्षात खाल्लं. यामिनीनं सांगितलंय, अजिबात मोडायचा नाही उपास. नाही मोडला."

"काकू, हलू नका हं," मी म्हणाले आणि बटण सोडून तोंडावर हात दाबून धरला. नाहीतर हसू फुटलंच असतं!

आलं ना लक्षात? आमच्या फॉर्मवर छापलेलं होतं, 'तपासणीपूर्वी उपवास आवश्यक'. यामिनी तेच फोनवर गोड करून सांगायची, "काकू, उद्या उपास बरं का." आणि उपास म्हटल्यावर कुठली मराठी बाई उपाशी राहते? एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. सकाळी खाल्ला की दुपारपर्यंत रक्तातली साखर परत जागेवर, म्हणून बोटाच्या थेंबाला पत्ता नाही, आणि माल सगळा लिव्हरच्या गोदामात. कसलं काटकसरी! जेवलेलं लिव्हर होतं ते!

मी सरांना सांगितलं का? नाही. यामिनीला? मुळीच नाही. आढावा पुढच्याच आठवड्यात होता. म्हटलं, बोलू दे तिला. हॉलंडसमोर बोलू दे.

पण एकट्या चौबळ काकूंवर भागणार नव्हतं. सर म्हणाले असते, एका खिचडीनं काय होतंय. सगळ्या विचारायला हव्या होत्या. म्हणून यामिनी बरी होऊन लॅबमध्ये बसलीय असं बघून एका दुपारी मी गेले थेट तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. भजनाची तालीम नुकतीच संपलेली, टाळ सतरंजीवर, पेटीवर कुणाचा तरी चष्मा, आणि सगळ्या चहाची वाट बघतायत.

"काकू, मावशी, एकच विचारायचंय," मी म्हणाले. "आमच्याकडे तपासणीला आलात त्या दिवशी सकाळी काय काय खाल्लं होतंत? खरं सांगा, कोणी रागावणार नाही."

अरे, नळ फुटावा तशा फुटल्या.

"मी भगर आणि दाण्याची आमटी."

"जिऱ्याची फोडणी देता तुम्ही आमटीला? आमच्यात जिरं नाही चालत उपासाला."

"जिरं चालतं हो! कोथिंबीर नाही चालत."

"कोणी सांगितलं? आमच्या सासूबाई तर भेंडी खायच्या उपासाला."

"भेंडी? मग पोळीनं काय पाप केलंय?"

"अगं मुली, मी नुसतं दूध घेतलं. दूध आणि खजूर. आणि वरून जरा बटाट्याचा चिवडा."

मी म्हटलं, हळू, हळू, एकेक. कोपऱ्यात नेर्लेकर काकू ताठ बसल्या होत्या. मंडळाच्या अध्यक्ष. सगळ्यांचं होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "माझा निरंकार असतो. तोंडात कणसुद्धा नाही. वीस वर्षं झाली."

"आणि म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्यावर खेकसते," चौबळ काकू माझ्या कानात.

अजून दोघी-तिघी निघाल्या तशा कडक. शेवटी राहिल्या पवार मावशी. ही यामिनीची घरमालकीण. गोल, हसरी, पदराला सतत हात पुसणारी.

"मावशी, तुम्ही?"

मावशींनी एकदा नेर्लेकर काकूंकडे बघितलं. "मी ना? मी पण निरंकारच गं."

नेर्लेकर काकूंनी मान हलवली, पास केल्यासारखी.

निघताना मावशी दारापर्यंत आल्या. "यामिनीला सांगू का तू येऊन गेलीस म्हणून?"

"नको मावशी, तिच्यासाठी सरप्राइज आहे."

खोटं होतं का सांगा.

बसमध्ये मी सगळं घोकत आले, शाळेत पाढे घोकावेत तसं. अमक्या काकू खिचडी, तमक्या काकू भगर, नेर्लेकर निरंकार. कोणाचं टोक उंच आणि कोणाचं बुटकं ते मला माहीत नव्हतं. स्लाइडवर नुसते नंबर असायचे, कुठला नंबर कोणाचा ते सरांनाच ठाऊक. मला फक्त चौबळ काकूंचं झाड माहीत होतं, आणि मला ते पुरेसं होतं.

त्या दिवसांत यामिनी दोनदा विचारून गेली. "अनू, काही झालंय का? बोलत नाहीस." मी म्हटलं डोकं दुखतंय. तर बाई माझ्या टेबलावर बाम ठेवून गेली. असा राग आला ना मला त्या बामाचा!

आढाव्याच्या दिवशी हॉल भरलेला. पडद्यावर मार्गरीट बाई, पांढरे केस, मागे खिडकी. आधी मी. माझी पोरं, सगळी बुटकी, एका उंचीची, संचलनाला उभी केल्यासारखी. बाई म्हणाल्या, "सातत्य छान आहे." हे सगळं इंग्रजीत चाललेलं, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतेय. सातत्य छान! म्हणजे मुलगी सालस आहे, स्वयंपाक येतो, अशातला प्रकार.

मग यामिनी. काटकसरी लिव्हर, शाळा, सवय, सगळं. लोक खुर्चीतून पुढे सरकून ऐकत होते. बाई काहीतरी टिपून घेत होत्या. तिचं झालं, टाळ्या झाल्या, सर म्हणाले, "काही प्रश्न?"

मी उभी राहिले आणि मुद्दाम मराठीत विचारलं. आवाज असा मऊ काढला की माझी मलाच ओळख पटेना. "यामिनी, मला एवढंच सांग. तुझ्या बायकांनी उपास केला होता की त्या उपाशी होत्या?"

 मग शेवटच्या रांगेतून कोणीतरी 'ख्यॅक' केलं. मग दुसरा. मग ज्याच्या-ज्याच्या डोक्यात प्रकाश पडला तो-तो हसत सुटला, आणि हसू रांगेरांगेनं पुढे आलं ते थेट सरांच्या पाठीवर आदळलं. फक्त मार्गरीट बाईंना कळेना. "काय झालं? काय झालं?" मग सरांनी त्यांना इंग्रजीत साबुदाण्याची खिचडी समजावली. ते मला सांगताच येणार नाही, ते तुम्ही बघायलाच हवं होतं.

यामिनीच्या हातात अजून पॉइंटर होता, त्याचा लाल ठिपका छतावर गेला होता. "पण मी सगळ्यांना नीट सांगितलं होतं गं..."

"काय सांगितलं होतंस?"

"उपास..." आणि थांबली. मग माझ्याकडे बघून, हळूच म्हणाली, "अनू, मोठ्या बायकांना 'उपाशी या' असं कसं म्हणायचं? घरातून कोणी कोणाला उपाशी निघू देतं का?"

सर खुर्चीत बसले. फळ्यावरचं काटकसरी लिव्हर त्यांच्या डोळ्यांदेखत वारलं होतं.

तेवढ्यात पडद्यावरून बाई म्हणाल्या, "कोणी काय खाल्लं होतं ते समजू शकेल का?"

"मला माहितीये," मी म्हणाले. "सगळ्यांचं. तोंडपाठ."

सरांनी त्यांची नंबरांची फाइल उघडली. खरं तर अशी नावं घ्यायची नसतात, पण तोपर्यंत शुद्धीवर कोण होतं?

"चौबळ?" सर म्हणाले.

"खिचडी, कीस, केळं."

"उंच," सर म्हणाले.

"नेर्लेकर?"

"निरंकार."

सरांनी स्क्रीन बघितला. "बुटकं."

पुढची, भगर. उंच. पुढची, दूध आणि खजूर, वरून चिवडा. उंच. पुढची, काही नाही. बुटकं. दोन-चार नावं झाल्यावर हॉलमधले लोकच सरांच्या आधी ओरडायला लागले, "उंच! बुटकं! उंच!" मी म्हणजे अशी फुलले होते, माझं एकेक नाव म्हणजे यामिनीवर एकेक फुली.

"पवार?"

"निरंकार," मी म्हणाले.

"बुटकं!" हॉल.

सरांनी स्क्रीन परत बघितला. चष्मा कपाळावर गेला, परत खाली आला. "उंच," ते म्हणाले. "सगळ्यात उंच." आणि त्यांच्या चेहऱ्यावर, बिचाऱ्यांच्या, जरा आशा उगवली. "म्हणजे निदान एक तरी काटकसरी..."

मला वाटलं, संपलं, एक चुकलं की सगळंच चुकलं म्हणतील. पण यामिनीनं पॉइंटर ठेवून फोन काढला होता. स्पीकर चालू केला.

"मावशी, यामिनी बोलतेय. इथे सर आहेत, अनू आहे, लॅबचे लोक आहेत, सगळे ऐकतायत. नेर्लेकर काकू नाहीयेत."

"नक्की नाही ना?"

"नाही. मावशी, त्या दिवशी स्कॅनला येताना काय खाल्लं होतंत?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग मावशी म्हणाल्या, "राजगिऱ्याचे दोन लाडू. आणि बटाट्याचा कीस. आणि तुझी खिचडी उरली होती ना गं, ती टाकवेना. सगळ्यांसमोर विचारलं त्या मुलीनं, काय सांगू? नेर्लेकरांनी मला वारीच्या गाडीतून उतरवलं असतं."

हॉल कोसळला. सर सुद्धा हसले. मार्गरीट बाईंना भाषांतर करून सांगितलं तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ आल्या की पडद्यावर नुसते डोळे.

"म्हणजे त्या पवार बाईंनी सांगितलेलं चुकलं," त्या म्हणाल्या, "आणि स्पेक्ट्रमचं बरोबर आलं?"

"हो," सर म्हणाले.

"आणि हे स्कॅन करणाऱ्या मुलीला माहीत होतं का, कोण खाऊन आलंय ते?"

अरे देवा! प्रश्न असा समोर आला, ताटात वाढल्यासारखा. सर बोलायच्या आत मीच बोलले. "तिला? नाही, मॅडम! तिला काहीच माहीत नव्हतं. अगदी काहीही नाही. आज, आत्ता, या हॉलमध्ये कळलंय तिला!"

"वा," बाई म्हणाल्या. "म्हणजे ब्लाइंड आहे."

मी उभीच होते.

"करणाऱ्यालाच माहीत नसलं की त्याच्यावर कोणी संशय घेऊ शकत नाही," बाई सांगत होत्या. "त्यासाठी लोक केवढ्या खटपटी करतात. तुमच्याकडे आपोआप झालं. रक्ताच्या थेंबाला कळलं नाही, त्या बाईंना सांगायचं नव्हतं, आणि या मुलीच्या स्कॅनला कळलं. काटकसरी लिव्हर सोडून द्या. जेवलेलं आणि उपाशी लिव्हर तुमची कॉइल न चुकता ओळखते, ही बातमी आहे. मला ही मुलगी पाठवा."

"शोधून काढलं ते ढमढेरेनं," सर म्हणाले. म्हणाले हं, खोटं का बोलू.

"तिचं नाव पेपरवर हवंच," बाई म्हणाल्या. "पण तिची सगळी मुलं खरोखरच उपाशी होती. त्यांच्यात ओळखायचं काय?"

ऐकलंत? माझी पोरं प्रामाणिक निघाली म्हणून मी पुण्यात बसले.

नंतर मी मागच्या जिन्यात जाऊन बसले. यामिनी आली, हातात दोन चहा. मला वाटलं, आता ही भांडणार. मी तयारच होते, मला हवंच होतं ते. ती शेजारी बसली, माझा चहा माझ्या हातात दिला.

"तुला मंगळवारीच कळलं ना?"

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बुधवारपासून माझ्याशी बोलणं बंद आणि कामाला मात्र भूत लागल्यासारखी. नेहमीचंच आहे तुझं. सरांनी पहिल्यांदा माझं कौतुक केलं होतं, आठवतं? त्या आठवड्यात तू रागारागानं कॉइलची सगळी जोडणी उकलून परत केलीस. त्यानंतरच माझं टोक एवढं सरळ यायला लागलं."

मी चहा फुंकत राहिले. चहा गारच होता तसा.

"मला ना, एकच काळजी आहे," ती म्हणाली.

"थंडीची? स्वेटर घे दोन."

"नाही गं. सहा महिने मी इथे नसणार. तू चिडणार कोणावर?"

"चल, मोठी आलीस," मी म्हणाले. 

पण तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. गेली ती हॉलंडला, मशीन दुपारभर माझ्या एकटीच्या ताब्यात, कॉइल माझी, सर माझे, तिच्या बायकासुद्धा माझ्याकडे. आणि देवाशपथ, त्या सहा महिन्यांत माझ्या हातून एक धड स्पेक्ट्रम निघाला नाही.